करंगळी झोपली ती उठेचना (गेम खेळणाऱ्यांनी वाचावे, त्यांच्या आयांनीही)

रात्रपाळी | १४ जानेवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज लिहायची वेळ आली.

गेल्या शनिवारी जेवताना भाकरी मोडायला गेलो आणि मोडता येईना. भाकरी ताजी होती, तव्यावरून नुकती उतरलेली, म्हणजे तिचा दोष नाही. एका हाताने भाकरी मोडताना आपण शेवटच्या दोन बोटांनी ती ताटात दाबून धरतो आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीने तुकडा ओढतो. हे इतकं बारकाईने मला आत्ताच कळलंय. माझी करंगळी-अनामिका दाबायचं विसरली होती आणि चिमटीत जोर नव्हता. शेवटी डावा हात लावला. आईने बघितलं, बोलली काही नाही, पण दुसरी भाकरी मोडूनच वाढली.

वय ३३, नाशिक, कंपनीत तिन्ही पाळ्या. रात्रपाळी करून आलो की लगेच झोप लागत नाही, म्हणून २०१८ पासून पबजी (मोबाईलवरचा बंदुकांचा गेम) आणि नंतर बीजीएमआय, म्हणजे त्याचाच भारतातला अवतार. रोज दोन-तीन तास, सुट्टीच्या दिवशी सहाही होतात. पलंगावर कुशीवर पडून, उजवं कोपर गादीत रोवून, मोबाईल नाकासमोर. मोबाईलचं सगळं वजन खालून करंगळीवर.

साधारण तीन महिन्यांपूर्वी सकाळी उठल्यावर करंगळीला मुंग्या यायच्या, हात झटकला की जायच्या. मग खेळताना यायला लागल्या. मग कुलपात किल्ली फिरवताना हात लटपटायला लागला. मग शर्टाचं वरचं बटण. आता करंगळी आणि अर्धी अनामिका कायमची बधिर आहे, लोकरीचा मोजा घातल्यासारखी. दुखत मात्र अजिबात नाही. म्हणूनच अंगावर काढलं.

जवळच्या डॉक्टरांनी "मानेत गॅप आहे" म्हणून पट्टा दिला आणि बी१२च्या गोळ्या. एमआरआयमध्ये सी५-सी६ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली, डिस्क थोडी बाहेर आलीय असं लिहिलंय. दीड महिना पट्टा घातला. कंपनीत सगळे "काय, लग्न ठरलं का, मान इतकी ताठ" विचारतात. करंगळी आहे तशीच. कोणाला असा अनुभव?

---

बिनपाण्याची | १५ जानेवारी, सकाळी ७:०५

मोबाईल गोदावरीत सोडून द्या. धागा संपला.

---

कुंदा_मावशी | १५ जानेवारी, सकाळी ९:३०

अहो, असं काय बोलता त्यांना. त्यांचा हात चालत नाहीये.

रात्रपाळी, तुमचं वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा १७ वर्षांचा, यंदा बारावी. त्याचा अंगठा दुखतो, मनगटापाशी, अंगठ्याच्या बाजूला. लिहिताना दुखतो म्हणतो, खेळताना दुखत नाही म्हणतो! मला ते ढोंग वाटत होतं. करंगळीचं काही नाही. हे तेच का?

---

लॉबीतला | १५ जानेवारी, दुपारी १:१४

मावशी, ढोंग नसेल. मॅच चालू असताना मलाही काही दुखत नाही. शेवटच्या सर्कलमध्ये, म्हणजे मॅचच्या अखेरच्या टप्प्यात, कोणी हात कापून नेला तरी कळणार नाही. मॅच संपून लॉबीत (गेमच्या वेटिंग रूममध्ये) परत आलो की मग ठणका सुरू.

मी चार बोटांनी खेळतो, म्हणजे क्लॉ. दोन्ही तर्जन्या वाकवून वर स्क्रीनवर, अंगठे खाली, आणि मोबाईल पेलायला उरलेली बोटं. स्क्रिम्सच्या (टीमच्या सराव सामन्यांच्या) आठवड्यात दिवसाला आठ तास. आमच्या चौघांच्या टीममध्ये दोघांच्या मनगटाला क्रेप बँडेज कायम असतं, ते पाहून नवीन पोरांना वाटतं ही स्टाईल आहे.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही. डोटा या गेमवाला क्लिंटन लूमिस, ज्याला 'फिअर' म्हणतात, तो २०१४ मध्ये टेनिस एल्बोमुळे बाहेर बसला होता, टीमला कोचिंग करत. पुढच्या वर्षी परत आला आणि 'द इंटरनॅशनल', म्हणजे डोटाची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकला. हाय लॅम नावाच्या खेळाडूने २०१५ मध्ये मनगटाचं कारण देऊन लीग ऑफ लेजेंड्स या गेममधून निवृत्ती घेतली (काही आठवड्यांत परत आला, ते वेगळं).

आणि मावशी, बीजीएमआय बंदीनंतर २०२३ मध्ये परत आला तेव्हा १८ खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून आला. तुमचा मुलगा त्याहून जास्त खेळत असेल तर तो बहुतेक काकांच्या नंबरवरून खेळतोय. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

---

कुंदा_मावशी | १५ जानेवारी, दुपारी १:४०

!!!

---

सुपारीफूल | १५ जानेवारी, रात्री १०:२०

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. आधी मावशींचं सांगते, ते सोपं आहे.

मावशी, मुलाला अंगठा मुठीत दाबून धरायला सांगा आणि मग मूठ करंगळीच्या दिशेने खाली वाकवायला सांगा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला सणक गेली तर बहुधा ते डी क्वर्वेन. अंगठा उचलणारे दोन कंडरे (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) तिथे एका अरुंद म्यानातून जातात, ते म्यान जाड होतं. फ्रिट्झ डी क्वर्वेन नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हा मोबाईल सोडा, टायपरायटरही घरोघरी नव्हते. माझ्याकडे हा आजार घेऊन सगळ्यात जास्त कोण येतं सांगू? बाळंतिणी. बाळाला काखेत हात घालून दिवसातून पन्नास वेळा उचलतात ना, त्या. आणि विड्या वळणाऱ्या बायका. हजार विड्यांमागे मजुरी, त्यामुळे अंगठा थांबवणं म्हणजे चूल थांबवणं. त्यांच्या अंगठ्यावर कोणी धागा काढत नाही, असो.

यात नस दबलेली नसते, कंडऱ्याची सूज असते. अंगठा अडकवून ठेवणारा पट्टा, बर्फ, काही आठवडे विश्रांती, आणि नाहीच बसलं तर एखादं इंजेक्शन. बहुतेक जण बरे होतात.

आता रात्रपाळी. तुमचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते मानेचं वाटत नाही. आपण मराठीत रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, मज्जातंतूलाही नस आणि कंडऱ्यालाही शीर. त्यामुळे 'नस दबली' म्हणजे नेमकं काय दबलं हे कोणालाच कळत नाही आणि मग मालिश सुरू होतं. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो ना, ती तुमची नस. अल्नर नर्व्ह. कोपराच्या आतल्या हाडामागे ती कातडीच्या लगेच खाली असते, जवळजवळ उघड्यावर. कोपर दुमडलं की ती ताणली जाते आणि तिचा बोगदा चपटा होतो. तुम्ही कोपर दुमडून, वर त्याच्यावरच भार देऊन, वर्षानुवर्षं रोज तीन तास. हिशोब करा.

घरी एक करून बघा. डोळे मिटा आणि कोणाला तरी पेन्सिलच्या मागच्या टोकाने अनामिकेच्या दोन्ही कडांना आळीपाळीने स्पर्श करायला सांगा. मधल्या बोटाकडची कड नीट कळते आणि करंगळीकडची कळत नाही, असं आहे का? आणि हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीखालचा भाग बधिर आहे का?

---

रात्रपाळी | १५ जानेवारी, रात्री ११:३१

आत्ता आईकडून करून घेतलं. अनामिकेच्या मधोमध कोणी पट्टी ठेवून रेघ मारावी तसं आहे! एक कड जिवंत, दुसरी मेलेली. हाताची मागची बाजू, करंगळीच्या खालीही बधिर. हे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं.

---

सुपारीफूल | १५ जानेवारी, रात्री ११:४५

मग कोपरच. मानेतून निघणारी मूळ नस दबली तर अनामिका अशी मधोमध वाटली जात नाही. मनगटात दबली असती तर हाताची मागची बाजू शाबूत राहिली असती, कारण तिकडे जाणारी फांदी मनगटाच्या आधीच फुटते. आणि करंगळीचा संबंध सी८ मुळाशी, म्हणजे मानेतून निघणाऱ्या आठव्या नसेशी, ते मानेच्या सातव्या मणक्याखालून निघतं. सी५-सी६च्या डिस्कचा करंगळीशी काय संबंध! तशी डिस्क तिशी ओलांडलेल्या कितीतरी धडधाकट माणसांच्या एमआरआयमध्ये सापडेल.

पट्टा काढा. रात्री जुना टॉवेल कोपराभोवती गुंडाळून सैल बांधा, म्हणजे झोपेत कोपर पूर्ण दुमडणार नाही. कोपराच्या आतल्या बाजूला तेल लावून चोळू नका, कोणालाही चोळू देऊ नका. पण जोर गेलाय म्हणताय, तेव्हा एवढ्यावर थांबू नका. हाताच्या सर्जनला दाखवा, या आठवड्यात.

---

मोडेम | १६ जानेवारी, पहाटे ४:०८

न्यू जर्सीहून. आमच्या पिढीला वाटतं हे मोबाईलमुळे आलं, म्हणून थोडा इतिहास.

१९८१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटं पत्र आलं होतं, 'स्पेस इन्व्हेडर्स मनगट' या नावाने. १९९० मध्ये त्याच नियतकालिकात दुसरं: ३५ वर्षांची बाई, निन्टेन्डोवर सलग पाच तास, उजवा अंगठा इतका दुखला की डॉक्टरने आजाराला 'निन्टेन्डिनायटिस' नाव दिलं. २००७ मध्ये 'वीआयटिस': २९ वर्षांच्या एका डॉक्टरने वी कन्सोलवर (त्यात हात हलवून खेळतात) टेनिस खेळून स्वतःचाच खांदा दुखावून घेतला आणि स्वतःवरच पत्र लिहिलं. औषध काय, तर आयबुप्रोफेन आणि आठवडाभर खेळ बंद.

सगळंच इतकं मजेशीर नाही. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १५ वर्षांच्या मुलाची केस आली होती. दिवसाला सात-सात तास थरथरणारा कंट्रोलर हातात धरून खेळायचा. थंडीत हात पांढरे पडायचे, ऊब मिळाली की लाल होऊन दुखायचे. असं दुखणं तोवर ड्रिल मशीन चालवणाऱ्या कामगारांचं मानलं जायचं.

मी स्वतः स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमवाला. कोरियन खेळाडू मिनिटाला ३०० क्रिया करतात असं वाचून मीही प्रयत्न केला. मी १२०वर पोचलो आणि माझं मनगट १९९०वर.

---

बिनपाण्याची | १६ जानेवारी, सकाळी ७:१०

म्हणजे चाळीस वर्षं माणसं तेच करतायत आणि तेच रडतायत. माझं पहिलं मत कायम.

---

टाके_उसवे | १६ जानेवारी, रात्री ९:५५

मी हाताच्या शस्त्रक्रिया करते. या धाग्यात एका वाक्यावर सगळ्यांनी थांबायला हवं होतं आणि फक्त सुपारीफूल थांबल्या: "दुखत अजिबात नाही. म्हणूनच अंगावर काढलं."

दुखणारा हात घेऊन माणूस आठ दिवसांत येतो. बधिर हात घेऊन सहा महिन्यांनी येतो. आणि मला भीती नेमकी दुसऱ्याची वाटते. दुखतंय म्हणजे निदान तार चालू आहे, बातमी पोचतेय.

२०१५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक केस आली. २९ वर्षांचा माणूस, मोबाईलवर रंगीत गोळ्या जुळवायचा खेळ, सहा ते आठ आठवडे जवळजवळ दिवसभर, डाव्या हाताने. अंगठा वर उचलणारा कंडरा तुटला. तुटला! आणि खेळताना त्याला ते जाणवलं नाही, अंगठा दुखतोय आणि हलत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेला तेव्हा कळलं. लॉबीतला जे म्हणतोय ते उगाच नाही, खेळात गुंतलेलं मन वेदना खरोखर कमी जाणतं. भाजलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग बदलताना त्यांना आभासी जगातला खेळ लावून देतात तो याचसाठी. तिथे ते वरदान आहे, पलंगावर नाही.

रात्रपाळी, आता तुमच्यासाठी दोन गोष्टी.

एक: दोन्ही पंजे पालथे, शेजारी शेजारी टेबलावर ठेवा. अंगठा आणि तर्जनीच्या मधे पाठीमागून जो मांसल उंचवटा असतो तो दोन्हीकडे सारखा आहे का? उजवीकडे खळगा दिसत असेल तर स्नायू सुकायला लागलाय. नस दुरुस्त झाली तरी ती वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून हातातल्या स्नायूंपर्यंत सुमारे तीस सेंटिमीटर, म्हणजे तीनशे दिवस. तेवढे दिवस स्नायू तिची वाट बघत बसेलच असं नाही.

दोन: गेमचं नाव घेतल्यावर सगळे (डॉक्टरही) तपासायचे थांबतात. थांबू नका. साखर, थायरॉईड, बी१२ बघा. आणि आपल्याकडे अल्नर नस बिघडली की एक प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही: अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का? कुष्ठरोगाचा जंतू थंड भागातल्या, कातडीजवळच्या नसांवर बसतो आणि कोपरातली ही नस त्याची फार आवडती. २००५च्या शेवटी देशाने कुष्ठरोग 'सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून' हटवल्याचं जाहीर केलं. लोकांनी ते 'संपला' असं वाचलं. संपलेला नाही.

---

रात्रपाळी | १६ जानेवारी, रात्री १०:३०

खळगा आहे. थोडा, पण आहे. चट्टा नाही, आरशासमोर सगळं तपासलं. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली.

---

आडगावकर | १७ जानेवारी, दुपारी १२:०२

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून लिहितोय, नाहीतर लिहिणार नव्हतो.

माझा मावसभाऊ, वय २२, गावाकडे. दिवसभर मोबाईल. डाव्या हाताची करंगळी बधिर आणि जरा वाकायला लागली. घरात रोज भांडण, "अजून खेळ, हात गळून पडेल". मावशीने मोबाईल हिसकावून पिठाच्या डब्यात लपवला, तोही त्याने शोधला. सहा-सात महिने असेच गेले. मग गावात आशाताई घरोघर तपासणीला आल्या. त्यांनी त्याच्या दंडामागचा चट्टा बघितला, ज्याला घरचे सगळे नायटा समजत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. निदान ते निघालं.

१२ महिन्यांचं औषध, सगळं फुकट, ते पूर्ण झालं. नसेच्या सुजेसाठी स्टेरॉईडच्या गोळ्याही दिल्या होत्या. आता तो बरा आहे, कोणाला त्याच्यापासून धोका नाही. करंगळी थोडी वाकडी राहिली. सहा महिने आधी कळलं असतं तर ती राहिली नसती असं तिथले डॉक्टर म्हणाले. पोरगा बिचारा स्वतःही समजत होता की गेममुळेच झालंय, म्हणून कोणाला हात दाखवत नव्हता.

मावशी अजून शेजारी सांगते की मोबाईलने झालं. तिला तेच सोपं वाटतं.

---

कुंदा_मावशी | १७ जानेवारी, दुपारी १२:४०

आडगावकर, लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

मोडेम | १८ जानेवारी, पहाटे ५:२०

एक शंका, वाद म्हणून नाही. गेममुळेच नस दबते याला पुरावा कितपत? की आपण ज्याला हात नाही लावत त्यालाच दोष देतो?

---

टाके_उसवे | १८ जानेवारी, रात्री १०:१५

चांगली शंका. माऊस-कीबोर्ड आणि कार्पल टनेल (मनगटात नस दबण्याचा आजार) यांचं नातं लोक समजतात तेवढं घट्ट नाही. त्या आजारात मनगटाच्या बोगद्यातून नऊ कंडरे आणि एक नस जातात, जागा जन्मतः कोणाची कमी असते कोणाची जास्त, त्यात गरोदरपण, मधुमेह, थायरॉईड, वजन. अंगठ्यापासून साडेतीन बोटांना मुंग्या, रात्री झोपेतून उठवणाऱ्या. हा आजार असलेल्या बायका मला गेमर म्हणून भेटत नाहीत, पोळ्या लाटणाऱ्या म्हणून भेटतात.

कोपराचं गणित मात्र साधं यांत्रिक आहे. दुमडलेलं कोपर, त्यावर भार, तासन्‌तास. त्या तासांत तुम्ही गेम खेळता की फोनवर बोलता की खिडकीवर कोपर टेकवून ट्रक चालवता, नसेला त्याच्याशी घेणंदेणं नाही. गेमचा वाटा एवढाच की तो तुम्हाला हलू देत नाही. पुस्तक वाचणारा माणूस कूस बदलतो.

---

लॉबीतला | १८ जानेवारी, रात्री ११:००

"गेम हलू देत नाही" हे अगदी बरोबर. कॅम्प मारून बसलोय, वीस मिनिटं झाडामागे, पायात गोळा आला तरी हललो नाही. खरा मी, गेममधला नाही.

---

रात्रपाळी | २० जानेवारी, रात्री ९:४०

आज जाऊन आलो.

डॉक्टरांनी आधी खिशातून एक कागदाची चिठ्ठी काढली. म्हणाले, दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधे, बाजूने घट्ट धरा, मी ओढतो. डाव्या हातातून त्यांना ओढता येईना. उजव्या हातात मी धरली तेव्हा अंगठ्याचं टोक आपोआप आकड्यासारखं वाकलं आणि चिठ्ठी सुळकन निघाली. मला वाटलं माझं लक्ष नव्हतं. तीनदा केलं, तीनदा निघाली. ते म्हणाले, जो स्नायू धरायला हवा तो रजेवर आहे, म्हणून दुसराच बदली कामगार आलाय. पाळीवाल्या माणसाला हे लगेच कळलं.

मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजायचं. करंगळीच्या मुळाशी चिकटपट्ट्या, थंडगार जेल, आणि मनगटावर, कोपराखाली, कोपरावर असे करंटचे झटके. दर झटक्याला माझी करंगळी आपोआप उडत होती. किती दिवसांनी तिला इतकं उत्साहात बघितलं! रिपोर्ट असा: कोपराच्या खाली ५६ मीटर प्रति सेकंद, कोपराच्या वळणावर ३४. पन्नासच्या वर हवा म्हणतात. म्हणजे गाडी महामार्गावर बरी चाललीय आणि कोपरापाशी कसारा घाट लागतोय.

ऑपरेशन सांगितलंय. बोगद्याचं छत उघडून नस मोकळी करायची.

---

बिनपाण्याची | २१ जानेवारी, सकाळी ७:०२

करून घ्या लवकर. चेष्टा बाजूला. माझ्या वडिलांनी असंच 'बघू' म्हणत दोन वर्षं काढली होती.

---

रात्रपाळी | ६ एप्रिल, रात्री १०:४८

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

ऑपरेशन २९ जानेवारीला झालं. काखेपाशी इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला. मधेच खाली बघितलं तर टेबलावर कोणाचा तरी हात पडलेला, आणि तो माझा निघाला. नस शोधली, मोकळी केली, टाके घातले, दुपारी चहा प्यायलो. पंधरा दिवसांनी टाके काढले.

पहिल्या आठवड्यातच रात्रीच्या मुंग्या थांबल्या. बधिरपणा मात्र जागचा हलला नाही, आणि मी जाम वैतागलो. मग तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी कोपरापासून खाली हाताच्या कडेने बोटाने टकटक करत आणलं. एका जागी टकटक केल्यावर करंगळीत करंट गेला. म्हणाले, नस इथवर आली. आता ती जागा कोपराखाली तीन-चार बोटांवर आहे. मी दर रविवारी बॉलपेनने तिथे खूण करतो. आई म्हणते, एसटी कुठवर आली ते बघतोय जणू.

खळगा आहे तसाच. तो भरेल की नाही हे डिसेंबरशिवाय सांगता येणार नाही म्हणाले.

खेळ: मोबाईल स्टँडवर, खुर्चीत बसून, कोपर मोकळं, अर्धा तास. रँक प्लॅटिनमवरून कुठे गेली ते विचारू नका. टीममधल्या पोरांनी मला ग्रुपमधून काढलं नाही, पण बोलावतही नाहीत.

---

सुपारीफूल | ६ एप्रिल, रात्री ११:०५

बॉलपेनची खूण, फारच छान! महिन्याला दोन बोटांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

---

लॉबीतला | ७ एप्रिल, रात्री १२:३०

दादा, आमच्याकडे या. आमचा एक जण मनगटामुळे दोन महिने बाहेर आहे. स्टँडवर खेळलात तरी चालेल, फक्त गाडी चालवा.

---

कुंदा_मावशी | ७ एप्रिल, सकाळी ९:१५

वाचून बरं वाटलं हो. आमच्याकडे डी क्वर्वेनच निघालं. पट्टा सहा आठवडे, पेपर त्यातच दिले. काकांच्या नंबरची भानगडही निघाली.

तुमची भाकरी मोडते का आता?

---

रात्रपाळी | ७ एप्रिल, रात्री ९:५०

ताजी मोडते, मावशी. शिळी अजून नाही.